चेलोला खिडकीशेजारची जागा द्या : विमान कंपन्यांना एका निवृत्त कंडक्टरचं खुलं पत्र

प्रति,
देशातल्या विमान कंपन्यांचे ग्राहकसेवा प्रमुख आणि त्यांच्या वतीने विमानतळावर काउंटरला उभी असणारी मुलं-मुली यांना,

सप्रेम नमस्कार.

मी एसटीत कंडक्टर होतो. तेहेतीस वर्षं, बहुतेक सगळी सातारा-सांगलीकडच्या गाड्यांवर. माणूस आणि सामान यांच्यातली रेघ कुठे ओढायची हे माझं रोजचं काम होतं. कोंबड्यांचं डालगं, बेदाण्याची खोकी, माहेरून निघालेलं शिलाई मशीन, एकदा तर लग्नाहून परतणारा आख्खा बँड. कशाला लगेज लावायचं, काय टपावर चढवायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा हे डबल बेल द्यायच्या आत ठरवावं लागे. "सिस्टीम घेत नाही हो" म्हणायची सोय नव्हती. सिस्टीम मीच होतो.

ही ओळख अशासाठी की हे पत्र कुणा कलावंताने रागाच्या भरात खरडलंय असं वाटू नये. मला सुरातलं फार कळत नाही. माझी मुलगी चेलो वाजवते आणि मी तो उचलतो.

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घरातलाच, पण अंगाने दांडगा. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांमध्ये धरून, गजाने वाजवायचा. जुन्या हिंदी गाण्यांत मुखडा संपून अंतरा सुरू होण्याआधी खालून काहीतरी दाटून आल्यासारखा आवाज येतो ना, तो बरेचदा याचा. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती हे मूळचे चेलोवादकच. माझ्या मुलीचे सरही मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये आयुष्यभर चेलो वाजवत होते. गोव्याकडचे, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला आलेले. शेवटच्या आजारपणात त्यांनी आपला चेलो मुलीला दिला. एफ अक्षरासारख्या भोकातून मोबाइलची बॅटरी मारली की आत एक पिवळी पडलेली चिठ्ठी दिसते. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खन गावाचं नाव आणि साल १९३१.

आता घडलेली गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. वाचताना ज्यांना आपलीच वाटेल त्यांनी ती आपली समजावी.

दोन वर्षांपूर्वी मुलीला दिल्लीला वाजवायचं बोलावणं आलं. आम्ही पुण्याहून तीन तिकिटं काढली. एक तिचं, एक माझं, एक चेलोचं. फोनवरच्या माणसाने "जादा सीट मिळेल, नावाच्या जागी चेलो टाका" असं सांगितलं होतं, तसं टाकलं. काउंटरवर मुलीने विचारलं, "तिसरे पॅसेंजर कुठे आहेत?" मी पेटीकडे बोट केलं. तिने पेटीकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "यांचं आधारकार्ड?"

ती मुलगी वाईट नव्हती. तिच्या स्क्रीनवर जे नाही ते तिने कुठून आणायचं? साहेब आले, साहेबांचे साहेब आले, चाळीस मिनिटांनी तीन बोर्डिंग पास हातात पडले. आणि थेट विमानाच्या दारात गेल्यावर सांगण्यात आलं की एवढी मोठी वस्तू आत नेता येणार नाही, खाली सामानात जाईल. मुलीने तिकीट दाखवलं, विनवण्या केल्या. मागे रांग तुंबली होती, लोक चुकचुकत होते. पेटी खाली गेली. आम्हा दोघांमधली विकत घेतलेली जागा दिल्लीपर्यंत रिकामी गेली. मुलीने तिच्यावर पर्स ठेवली, तर ती उचलून समोरच्या सीटखाली ठेवायला लावली.

दिल्लीला पेटी पट्ट्यावर आली ती उताणी. वर 'फ्रॅजाइल'चं लाल स्टिकर, एका कोपऱ्यात सुटलेलं. मुलीने तिथेच फरशीवर फतकल मारून कड्या उघडल्या. चारही तारा लोंबत होत्या. तारा ज्या लाकडी पुलावरून जातात ती घोडी आडवी पडलेली. भोकाच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत चार बोटं लांब चीर गेलेली. मुलीने चेलो जरासा कलता केला तर आत काहीतरी खुळखुळलं. ती साउंड पोस्ट. वरच्या आणि खालच्या फळीच्या मधे उभी असलेली करंगळीएवढी लाकडी कांडी. ती चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी असते, आणि तारांची थरथर तीच खालच्या फळीपर्यंत पोचवते. फ्रेंच आणि इटालियन लोक तिला सरळ 'आत्मा' म्हणतात, हे मला नंतर समजलं. त्या वेळी माझी पोर गुडघ्यावर चेलो घेऊन बसली होती, एकदा इकडे आणि एकदा तिकडे कलवत होती, आणि तो आवाज ऐकत होती. रडली नाही. ते मला जास्त लागलं.

तिने मैफल उसन्या चेलोवर केली. दुरुस्तीला साडेचार महिने लागले. नुकसानभरपाई म्हणून एक कूपन आलं. पुढच्या प्रवासात खाण्यापिण्यावर सवलत, सहा महिन्यांच्या आत वापरायचं.

तेव्हापासून मी वाचायला लागलो. रिटायर माणसाला वेळ असतो. मुलीच्या कपाटातली पुस्तकं झाली, मग इंटरनेटवरचं जे सापडेल ते. मला बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं व्याकरण काही कळलं नाही. पण चेलो कुठून कुठे, कशातून आणि कुणाच्या जिवावर गेले, हे कंडक्टरच्या नजरेने वाचत गेलो. त्यातलं थोडं तुमच्यापुढे ठेवतो, कारण तुमच्या दारात उभी असलेली पेटी नेमकी काय असते हे तुमच्या लोकांना कुणी शिकवलेलं दिसत नाही.

पॅरिसमध्ये लिझा क्रिस्टियानी नावाची मुलगी होती, १८२७ साली जन्मलेली. बाईने गुडघ्यांत वाद्य धरून बसावं हेच तेव्हाच्या लोकांना चालत नसे. ही सतरा-अठराव्या वर्षी मैफली करायला लागली. जर्मन संगीतकार मेंडेल्सनने तिच्यासाठी एक छोटी रचना लिहिली, ती चेलोवाले आजही वाजवतात. तिच्याकडे स्ट्रॅडिव्हेरियस या नावाजलेल्या इटालियन कारागिराने १७०० साली बनवलेला चेलो होता. तो घेऊन ही बाई रशियात शिरली आणि तिथून सायबेरियात. थेट कामचाटकापर्यंत. नकाशा काढून बघा, त्याच्या पलीकडे समुद्रच आहे. बर्फावरची घसरगाडी, घोडागाडी, होडी, जे मिळेल ते. रस्ते कसले असतील याची मला थोडी कल्पना आहे, मी पावसाळ्यात कोयनेच्या बाजूला गाडी घेऊन जायचो. १८५३ साली रशियातच कॉलऱ्याने ती गेली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. चेलो मात्र धड राहिला. आज तो इटलीत क्रेमोनाच्या संग्रहालयात आहे, ज्या गावात बनला त्याच गावात, आणि त्याला तिच्याच नावाने ओळखतात. पुणे-दिल्ली दोन तासांचा प्रवास आहे, एवढंच म्हणतो.

सगळेच चेलो असे नशिबाचे नसतात. ग्रेगोर प्यातिगोर्स्की पुढे विसाव्या शतकातल्या थोर चेलोवादकांत गणला गेला. क्रांतीनंतरच्या रशियातून त्याला शिकायला बाहेर जायचं होतं, सरकार सोडेना. १९२१ साली, अठराव्या वर्षी, तो आणखी काही कलाकारांबरोबर गुरांच्या गाडीतून पोलंडच्या हद्दीकडे निघाला. सोबत चेलो. गोष्ट अशी सांगतात की सीमेवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा बरोबरची एक धिप्पाड गायिका घाबरून त्याला आणि चेलोला घट्ट बिलगली. माणसं सगळी वाचली, चेलो चेपला. ही गोष्ट दर वेळी थोडी वेगळी सांगितली जाते, एसटी स्टँडवरच्या अपघातांच्या गोष्टींसारखी. पण चेलो गेला यावर सगळ्यांचं एकमत आहे.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती 'मारा'ची हकिगत. हाही स्ट्रॅडिव्हेरियसचा, १७११ सालचा. अठराव्या शतकातल्या मारा नावाच्या वादकावरून हे नाव पडलं. १९६३ च्या जुलैत तो आमेदेओ बाल्डोव्हिनो या इटालियन वादकाकडे होता. तिघांचा त्यांचा ताफा दक्षिण अमेरिकेत फिरत होता. माँटेव्हिडिओहून ब्वेनोस आयर्सला जाणारी रात्रीची बोट ला प्लाता नदीच्या मुखात बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर आपटली आणि पेटली. माणसं मेली. बाल्डोव्हिनो वाचला. चेलो पाण्यात गेला.

नंतर पेटी सापडली. आत चेलो होता, पण चेलो म्हणावा असा नव्हता. सुट्या फळ्या होत्या. आता इथे एक बारकी गोष्ट आहे, ती आमच्या चेलोच्या दुरुस्तीवाल्याने मला समजावली. या वाद्यांचे सांधे सरसाने जोडतात, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या. आजच्या डिंकापुढे तो कच्चा. मुद्दामच कच्चा ठेवतात. ताण आला, हवा कोरडी झाली, लाकूड आखडलं, तर आधी सांधा सुटावा, फळी फाटू नये, म्हणून. सांधा परत जोडता येतो. 'मारा' नदीच्या पाण्यात भिजला तेव्हा सरस विरघळला आणि चेलो सुटा सुटा झाला. मोडला नाही, उकलला. लंडनच्या हिल यांच्या कारखान्यात नऊ महिने लागले, पण तो परत उभा राहिला. पुढे हाइनरिक शिफसारख्या वादकाने तो वर्षानुवर्षं वाजवला.

हे ऐकून मी दुरुस्तीवाल्याला विचारलं, मग आमचा सांधा का नाही सुटला, फळीच का चिरली? तो म्हणाला, "काका, पाणी हळूहळू काम करतं. तुमचा चेलो कुणीतरी वरून टाकलाय."

चूक फक्त तुमच्याकडूनच होते असं नाही, तेही सांगायला हवं. १६ ऑक्टोबर १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये यो-यो मा टॅक्सीतून उतरला आणि आपला चेलो डिकीत विसरला. जगातला सगळ्यात नावाजलेला चेलोवादक. चेलो व्हेनिसच्या मोंतान्याना या कारागिराचा, १७३३ सालचा, किंमत तेव्हा पंचवीस लाख डॉलर. दमला होता, घाई होती, असं त्याने नंतर सांगितलं. पण गड्याने एक काम बरोबर केलं होतं. पावती जपून ठेवली होती. तिच्यावर टॅक्सीचा नंबर होता, पोलिसांनी त्यावरून माग काढला, क्वीन्समधल्या गॅरेजमध्ये टॅक्सी सापडली, आणि त्याच संध्याकाळी ब्रुकलिनला त्याने त्याच चेलोवर कार्यक्रम केला. तेहेतीस वर्षं मी उतारूंना ओरडून सांगितलं, तिकीट जपून ठेवा. ही बातमी तेव्हा माझ्या हाती लागती तर कातरून गाडीत लावली असती. हाच यो-यो मा २०१९ च्या जानेवारीत बाखच्या सहाही सुइट, म्हणजे चेलोसाठीच्या रचनांच्या माळा, वाजवायला मुंबईत आला होता. मुलगी जाऊन आली. मी बाहेर चहा पीत बसलो, याचं आता वाईट वाटतं.

लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्राचा १६८४ सालचा स्ट्रॅडिव्हेरियस तर २००४ साली वादकाच्या घराच्या ओट्यावरूनच चोरीला गेला. तो कचऱ्याशेजारी एका नर्सला सापडला, आणि तिचा सुतारकाम करणारा मित्र त्याचं सीडी ठेवायचं कपाट करायच्या बेतात होता. वेळेवर बातमी पाहिली म्हणून थांबला.

थोडं विषयांतर करतो, पण करू द्या, बाप आहे. चेलोच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस कोणता असं विचारलं तर जाणकार बहुधा १८९० सालचा बार्सिलोनातला एक दिवस सांगतील. पाब्लो कासाल्स नावाचा तेरा वर्षांचा मुलगा बंदराजवळच्या जुन्या नोटेशनच्या दुकानात चाळाचाळ करत होता. त्याला बाखच्या चेलो सुइटचा जुना छापील गठ्ठा मिळाला. बाख जाऊन तेव्हा एकशेचाळीस वर्षं झाली होती. हे संगीत अगदीच हरवलं होतं असं नाही, पण तालमीची बोटं फिरवायचे धडे यापलीकडे त्याची कुणी किंमत करत नव्हतं. त्या पोराने ते घरी नेलं आणि बारा वर्षं रोज वाजवलं, मगच चारचौघांत आणलं. पुढे १९३६ ते १९३९ या काळात सहाच्या सहा सुइटचं ध्वनिमुद्रण केलं, आणि आज जगातला प्रत्येक चेलोवादक त्या वाटेने चालतो.

सगळे त्या मुलाबद्दल बोलतात. माझं लक्ष दुसरीकडे जातं. त्या दिवशी दुकानात त्याच्याबरोबर त्याचा बाप होता. वेंड्रेल नावाच्या लहान गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, बेताच्या कमाईचा माणूस. तो त्या दिवशी पोराला भेटायला शहरात आला होता आणि त्याने पोराला पहिला पूर्ण मापाचा चेलो घेऊन दिला होता. पोर लहान असताना याच बापाने वाळक्या भोपळ्याला दांडी आणि तार लावून त्याला पहिलं वाद्य करून दिलं होतं. भोपळ्याचं! मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत दारोदार भोपळे टांगलेले मी किती वर्षं पाहिलेत, गाडीच्या टपावरूनही नेलेत. तो भोपळा कॅटलोनियात अजून जपून ठेवलाय. तर बापाने नवा चेलो उचलून घरी कसा नेला असेल, आगगाडीत की पायी, हे कुठेच लिहिलेलं नाही. मी शोधलं.

आता खुर्चीचं बोलू. व्हायोलिन उभ्याने वाजतं, बासरी चालत वाजते. चेलोला खुर्ची लागतेच. म्हणून मला तुमच्या सीटच्या भांडणात गंमत वाटते, या वाद्याची सगळी कहाणीच बसायच्या जागेची आहे.

चेलोवादक मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच हे सोव्हिएत रशियाचं लाडकं लेकरू होतं. २१ ऑगस्ट १९६८ ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याला सोव्हिएत ऑर्केस्ट्राबरोबर द्वोर्झाक या संगीतकाराचा चेलो कन्चर्टो, म्हणजे चेलो आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना, वाजवायचा होता. कार्यक्रम कधीचा ठरलेला. नेमक्या त्या पहाटे सोव्हिएत रणगाडे झेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये घुसले. द्वोर्झाक म्हणजे झेक लोकांचा जीव की प्राण. सभागृहात घोषणा, बाहेर निदर्शनं. रोस्त्रोपोविच खुर्चीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना वाजवत राहिला. संपल्यावर त्याने कंडक्टरच्या घडवंचीवरची द्वोर्झाकची संहिता उचलून लोकांसमोर उंच धरली. (हा कंडक्टर वेगळा. आमच्या जातीचा नव्हे.)

दोन वर्षांनी, १९७० च्या ऑक्टोबरात, त्यानेही एक खुलं पत्र लिहिलं. रशियन लेखक सोल्झेनित्सिनला नोबेल मिळालं होतं आणि सरकार त्याच्या मागे लागलं होतं. रोस्त्रोपोविचने त्याला आपल्या बंगल्यात आसरा दिला होता. 'प्रावदा'सह चार वृत्तपत्रांना त्याने लिहिलं, एकानेही छापलं नाही. मग परदेशचे दौरे बंद, मोठ्या मैफली बंद. १९७४ साली त्याने देश सोडला, १९७८ साली नागरिकत्व काढून घेतलं गेलं. त्याच्या पत्रापुढे माझं पत्र म्हणजे तक्रारवहीतली ओळ. पण खुलं पत्र लिहायला बसलो तेव्हा त्याची आठवण आली हे खरं.

आणि मग नोव्हेंबर १९८९. बर्लिनची भिंत उघडल्याचं त्याने पॅरिसमध्ये टीव्हीवर पाहिलं. एका मित्राच्या खाजगी विमानाने चेलो घेऊन ११ तारखेला बर्लिनला उतरला, टॅक्सी केली आणि भिंतीपाशी गेला. तिथे गेल्यावर लक्षात आलं, खुर्चीच नाही. जवळपास मागून एक साधी खुर्ची आणली. भिंतीला पाठ करून तो बसला आणि बाख वाजवायला लागला. त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. मागे भिंतीवर रंगवलेली चित्रं, पुढे गोळा झालेली माणसं, आणि तो डोळे मिटून. त्याला कुणी विचारलं नाही की या वस्तूचं आधारकार्ड कुठे आहे.

याच रोस्त्रोपोविचकडे 'ड्यूपोर' नावाचा १७११ सालचा स्ट्रॅडिव्हेरियस होता. दंतकथा अशी की नेपोलियनने तो ड्यूपोर या वादकाकडून हिसकावून आपल्या बुटांमध्ये धरून पाहिला आणि टाचेच्या काट्याने त्याच्या अंगाला पोचा पडला. तो पोचा अजून दाखवतात. आमच्या चेलोच्या पोच्याला एवढा मान मिळायचा नाही, कारण तो कुणी पाडला ते कंपनीने शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

बोस्नियातल्या सारायेव्होच्या वेद्रान स्माइलोविच या चेलोवादकाचं नाव लिहून थांबतो. १९९२ च्या मे महिन्यात, तिथल्या युद्धात, पावाच्या रांगेवर तोफगोळा पडला, माणसं मेली. तो त्या जागी मैफलीचा काळा पोशाख घालून, खुर्ची टाकून, दिवसामागून दिवस चेलो वाजवत बसला. याच्यावर अधिक लिहायची माझी पात्रता नाही.

एवढं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणाल, भावना समजल्या, नियम सांगा. सांगतो. अमेरिकेत २०१२ साली कायदा झाला आणि मार्च २०१५ पासून त्याचा नियम लागू झाला. लहान वाद्य जागा असेल तर केबिनमध्ये न्यायचं. मोठ्या वाद्यासाठी प्रवाशाने सीट विकत घेतली आणि ते वाद्य पेटीसकट १६५ पौंडांच्या आत असेल, म्हणजे साधारण पंचाहत्तर किलो, तर ते त्या सीटवर बांधून नेता येतं. आमचा चेलो पेटीसकट नऊ किलो भरतो. तुमच्या स्वतःच्या धंद्यातही याला शब्द आहे, 'सीबीबीजी', केबिनमध्ये सीटवर बसवायचं सामान. म्हणजे रकाना आहे. काउंटरवरच्या मुलीला तो कुणी दाखवलेला नाही.

अर्थात तिकडेही सगळं आलबेल नाही. लिन हॅरेल या नामवंत वादकाने वर्षानुवर्षं चेलोसाठी पूर्ण पैसे मोजून सीट घेतली आणि चेलोच्या नावाने मिळणारे मैलही, म्हणजे विमान कंपन्यांचे सवलतीचे गुण, जमवले. २०१२ साली एका विमान कंपनीने चेलोचं खातं तर बंद केलंच, हॅरेलचंही केलं. पैसे घेताना चेलो प्रवासी आणि सवलत देताना सामान, हा हिशेब माझ्या वेबिलात कधी बसला नसता. डेपोत कॅशियरने तिथल्या तिथे पकडलं असतं.

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या गाडीला दिंडीची माणसं भरायची. टाळ-मृदंग, पताका, वळकट्या, सगळं टपावर किंवा सीटखाली. आणि एक वीणेकरी. सप्ताहात वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही, हे गावाकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. गाडी कितीही खच्चून भरलेली असो, वीणेकरी चढला की कुणीतरी उठायचं आणि त्याला बसायला जागा व्हायची, वीणा मांडीवर. तिचं लगेज मी कधी काढलं नाही. काढायला पाहिजे होतं का, कायद्याने कदाचित हो. पण "माउली, वीणा टपावर टाका" म्हणायची हिंमत महाराष्ट्रात एकाही कंडक्टरला झाली नसती.

आमचं मागणं त्यापेक्षा फार कमी आहे. आम्ही फुकट जागा मागत नाही, पूर्ण पैसे मोजतो. ती जागा खिडकीची द्या, म्हणजे घाईत कुणाला बाहेर पडताना पेटीची अडचण होणार नाही. आणीबाणीच्या दाराशेजारची नको, ते आम्हालाही समजतं. पट्टा पुरला नाही तर जोडपट्टा द्या, तो तुमच्याकडे असतोच. काउंटरवर आणि विमानाच्या दारात एकच नियम असू द्या, आणि तो एका कागदावर लिहून दोन्हीकडे ठेवा, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, जसा जमेल तसा. बुकिंगच्या वेळी वाद्य म्हणून खूण करायची सोय ठेवा. आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी लहान विमान आलं, जागा नाहीच, तर ते दारात नका सांगू. आदल्या दिवशी सांगा. आम्ही रेल्वेने जाऊ.

काउंटरवरच्या त्या मुलीला वेगळं सांगायचंय. बाळ, तुझ्याबद्दल मी लेखी तक्रार केली नव्हती. माझ्याकडून त्या दिवशी आवाज चढला होता, त्याचं वाईट वाटतं.

येत्या महिन्यात मुलीला परत दिल्लीचं बोलावणं आहे. पुन्हा तीन तिकिटं काढली आहेत. खिडकी चेलोला, मधली मुलीला, कडेची मला. मी दोन तास आधी हजर असेन, पावती खिशात असेल.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर, पुणे

ता. क. : या वेळच्या बुकिंगच्या फॉर्ममध्ये तिसऱ्या प्रवाशाची जन्मतारीख भरल्याशिवाय पुढे जाता येईना. मी आतल्या चिठ्ठीवरचं साल टाकलं, १९३१. फॉर्मने घेतलं, पैसे मात्र पूर्ण घेतले. आमच्या एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट लागत नाही.